दारावरची पुसट अक्षरे आणि पॉलिशचे दोन डबे

आजचा धागा किल्ल्याविषयी नाही, लढाईविषयी नाही आणि ताम्रपटाविषयीही नाही. तो पत्र्याच्या दोन जुन्या डब्यांविषयी आहे. एकात गाडीच्या रंगावर लावायचे मेण, दुसऱ्यात रंग घासायचे रबिंग कंपाउंड. दोन्ही डब्यांचे वय माझ्या वयाच्या दुपटीहून अधिक. जुन्या गाडीच्या रंगावर जुनेच पॉलिश वापरावे काय, एवढाच प्रश्न होता; त्याचे उत्तर शोधताना मला अजिंठ्यापर्यंत जावे लागले. पुढे मी जे मत मांडणार आहे ते तुमच्यापैकी काहींना रुचणार नाही, विशेषतः सुट्टीच्या दिवशी गडावर जाऊन तोफांना रंग देणाऱ्या मित्रांना. तरी वाचावे, ही विनंती.

आमचे गाव जालना जिल्ह्यात, अंबड तालुक्यात. जायकवाडीचा डावा कालवा शिवारापासून फार लांब नाही. घरामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये आजोबांची जीप उभी असते. महिंद्राने विलीजच्या परवान्यावर बांधलेली, उंच बोनेटची सीजे-३बी. गावात तिला कोणी जीप म्हणत नाही, ‘आबांची गाडी’ म्हणतात. घरात सांगितली जाणारी कथा अशी, की १९७७ साली आबांनी मुंबईला जाऊन नवी कोरी गाडी आणली आणि वेशीपासून घरापर्यंत तिच्यापुढे हलगी वाजली. माझ्या आत्याला ती हलगी अजून ऐकू येते. आर.सी. बुकाची पहिली पाने मात्र वाळवीने केव्हाच खाल्ली आहेत.

मागच्या खंडेनवमीच्या सकाळी काकांनी दसऱ्यासाठी गाडी धुवायला काढली. सीटखालच्या हत्यारांच्या पेटीत त्यांना हे दोन डबे सापडले. मी शेडमध्ये पोहोचले तेव्हा डाव्या दाराचा अर्धा भाग घासून झाला होता. काकांच्या हातातली चिंधी गडद हिरवी झाली होती आणि चेहऱ्यावर मोठे समाधान होते.

“आबांचंच पॉलिश, आबांच्याच गाडीला. आजकालच्या बाटल्यांत असला माल मिळतो का?”

घासलेल्या भागात हिरव्या रंगातून काहीतरी पांढरट वर येत होते. मी वाकून पाहिले. ‘टबंधा’ एवढी अक्षरे लागत होती. काका म्हणाले, “डाग हाय तो. अजून दोन हात मारले की जातो.”

मी त्यांचा हात धरला. आयुष्यात पहिल्यांदाच.

काय घडत होते ते आधी समजून घेऊ. आजच्या गाड्यांवर रंगाच्या वर एक पारदर्शक थर असतो. पॉलिश करताना झीज होते ती त्या थराची, म्हणून फडक्याला रंग लागत नाही. १९६०-७० च्या दशकांतल्या आपल्याकडच्या गाड्यांवर असा थर नसे. रंग हाच शेवटचा थर. म्हणून असली गाडी घासताना चिंधीला रंग लागला, तर तो मळ नव्हे. ती गाडीच आहे, थोडी थोडी चिंधीवर येणारी. आमच्या दारावर आधी करडा रंग होता, त्यावर पेंटरने कुंचल्याने पांढरी अक्षरे काढली होती, आणि नंतर कोणीतरी सगळ्यावर हिरवा रंग मारला होता. अक्षरांच्या जागी पृष्ठभाग केसाएवढा उंच. घासताना उंचवटा आधी झिजतो, म्हणून तेथला हिरवा रंग आधी गेला आणि अक्षरे दिसू लागली. ज्या क्रियेने ती दिसली, त्याच क्रियेच्या पुढच्या दोन हातांनी ती कायमची गेली असती.

उरलेली अक्षरे न घासता वाचता येतात. रात्री शेडमधला दिवा बंद करून मी मोबाइलचा टॉर्च दाराला जवळजवळ टेकवून, तिरपा धरला. उंचवट्यांच्या सावल्या पडल्या आणि हिरव्या रंगाखालून पूर्ण शब्द उभा राहिला: ‘पाटबंधारे’. खाली एक लहान ओळ आहे, ती अजून लागलेली नाही. झिजलेला शिलालेख वाचताना हीच युक्ती वापरतात. तिला खर्च नाही आणि दगडाला किंवा पत्र्याला ती शिवतही नाही.

म्हणजे आबांनी गाडी नवी कोरी आणली नव्हती. ती सरकारी गाडी होती, बहुधा लिलावात निघालेली. जायकवाडीच्या धरणाची पायाभरणी १९६५ साली लालबहादूर शास्त्रींच्या हस्ते झाली आणि १९७६ साली इंदिरा गांधींनी प्रकल्पाचे उद्घाटन केले. त्या दहा-अकरा वर्षांत पैठणपासून खाली कालव्याच्या रेषेवर सरकारी गाड्यांची किती धावाधाव झाली असेल, याची कल्पना करता येते. आमची जीप त्यांपैकीच एक असावी, असा माझा तर्क आहे. ज्या कालव्याच्या पाण्यावर आमचा ऊस उभा राहिला, त्याच कालव्याच्या आखणीसाठी कदाचित ही गाडी आमच्याच शिवारातून गेली असेल. हा ‘कदाचित’ मी मुद्दाम ठेवला आहे. लहान ओळ लागली तर तो काढता येईल.

आता डबे. इतिहासाच्या विद्यार्थ्याला लेबल दिसले की राहवत नाही. मेणाच्या डब्यावर पत्ता आहे ‘बॉम्बे १३’. पिनकोड भारतात १५ ऑगस्ट १९७२ रोजी आला. त्याआधी मुंबईच्या टपाल विभागांना असे एक-दोन अंकी क्रमांक असत. तेव्हा डबा १९७२ च्या आधीचा? एवढ्या घाईने म्हणता येत नाही, कारण छापून ठेवलेली जुनी लेबले कारखाने पुढे बरीच वर्षे वापरत. वजन मात्र औंसात आधी आणि ग्रॅममध्ये कंसात दिले आहे. १९५६ च्या कायद्यानंतर मेट्रिक मापे टप्प्याटप्प्याने आली, त्या संक्रमणाची ही खूण. ‘नवे पैसे’ हा शब्द १९५७ ते १९६४ या काळात चलनावर होता. तो किमतीपुढे असता तर काम सोपे झाले असते, पण तेथेच गंज चढला आहे. एकूण पाहता डबा साठच्या दशकाच्या उत्तरार्धातला वाटतो. आबांनी गाडी घेतली १९७७ ला. डबे गाडीबरोबरच आले असावेत, आधीच्या चालकाच्या पेटीतून. एकटा डबा काहीच सिद्ध करत नाही. दारावरच्या शब्दाशेजारी ठेवला, की तो साक्षीदार होतो.

काकांना हा शोध आवडला नाही. “मंजी आबा खोटं बोलले का?” असे त्यांनी विचारले तेव्हा माझ्यापाशी उत्तर नव्हते. आबा कधी ‘नवी’ म्हणालेच नसतील. हलगीच्या आवाजात ती आपोआप नवी झाली असेल. पण त्या दिवसापासून डाग पुसण्याची काकांची इच्छा अधिकच वाढली, आणि कारण पॉलिशचे उरले नव्हते.

हे सारे अजिंठ्याला आधी घडून गेले आहे.

अजिंठा तेव्हा निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता, जसा आमचा सारा मराठवाडा होता. १८७२ पासून मुंबईच्या कला विद्यालयाचे जॉन ग्रिफिथ्स आपल्या विद्यार्थ्यांसह तेथे चित्रांच्या नकला करत होते. भिंतीवरचे रंग स्पष्ट दिसावेत म्हणून त्या काळात चित्रांवर व्हार्निश चढवले गेले. ओले व्हार्निश चढले की मंद रंग क्षणात उजळतो. गाडीला मेण लावणाऱ्या प्रत्येकाला हा आनंद ठाऊक आहे. पुढे १९२० च्या सुमारास निजाम सरकारने लोरेन्झो चेक्कोनी आणि काउंट ओर्सिनी या दोन इटालियन तज्ज्ञांना बोलावले. त्यांनी भिंतीपासून सुटलेला गिलावा पुन्हा बसवला. ते काम मोलाचे होते. त्याविना आज काही चित्रे जमिनीवर असती. पण त्यांनी चित्रांवर लाखेचे व्हार्निशही लावले.

लाख ही आपल्याच झाडांवरच्या किड्यांची देणगी. तिची बारीक पापडी स्पिरिटमध्ये विरघळवली की सुंदर चकाकी येते. फर्निचरचे पॉलिश तेच. नवी असताना ती पारदर्शक दिसते. वर्षे सरली की पिवळी, मग तपकिरी होते, तिच्यावर धूळ आणि काजळी बसते, ती आक्रसते, आणि आक्रसताना खालच्या रंगाची पापुद्रे ओढून काढते. त्याहून वाईट म्हणजे जुनी झालेली लाख पूर्वीसारखी स्पिरिटमध्ये सहज विरघळत नाही. भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या रसायनतज्ज्ञांना तो थर इंचाइंचाने उतरवण्यात पुढची अनेक दशके घालवावी लागली. चित्रे रंगवणाऱ्यांनी जी छटा दिली होती ती न पाहता, लाखेमागची तपकिरी छटा हीच ‘अजिंठ्याची प्राचीन धूसरता’ समजून कित्येकांनी वर्णने केली असतील.

चेक्कोनी अडाणी नव्हते. आपल्या काळातले उत्तम ज्ञान त्यांच्यापाशी होते. मला त्यांचा राग येत नाही. भीती वाटते ती त्यांच्या सद्भावनेची, कारण ती माझ्यापाशीही आहे.

येथून पुन्हा डब्यांकडे येते, कारण दोन डब्यांत मोठा फरक आहे आणि सगळा निर्णय त्या फरकावर ठरतो.

मेण रंगाच्या वर बसते. त्यात बहुधा कार्नोबा असते, ब्राझीलमधल्या एका ताडाच्या पानांवरचे मेण, ते ८० अंश सेल्सियसच्या वर वितळते. जोडीला मधमाशीचे किंवा खनिज मेण, आणि सगळे पसरावे म्हणून टर्पेंटाइनसारखा द्राव. पन्नास वर्षांत द्राव उडून जातो. आमच्या डब्यातली मेणाची वडी आटून कडेपासून सुटली आहे आणि उन्हाळ्यातल्या तळ्याच्या गाळासारखी भेगाळली आहे. ती वापरली तर रंगाचे फार बिघडणार नाही, मात्र ती पसरणार नाही आणि तिच्यात अडकलेली धूळ ओरखडे काढील. टर्पेंटाइन घालून ती मऊ करता येते. करण्यात अर्थ नाही, कारण ताजे साधे मेण बाजारात मिळते आणि हा डबा पुन्हा मिळणार नाही. नवे घेताना सिलिकोनचे घेऊ नये. ते पत्र्याच्या फटींत मुरते, आणि पुढे कधी त्या जागी रंग द्यावा लागला तर रंगाला माशाच्या डोळ्यांसारखे खड्डे पडतात. लावलेले मेण पुढच्या पिढीला उतरवता येते. आपण केलेले दुसऱ्याला उलटवता यावे, ही जतनशास्त्रातली पहिली अट ते पाळते.

कंपाउंड रंगाच्या वर बसत नाही, ते रंग नेते. त्यात बारीक घर्षक चूर्ण असते. डबा जुना झाला की तेल आणि पाणी वेगळे होतात, चूर्ण तळाशी दगडासारखे बसते, आणि त्याचे खडे मोडून कितीही कालवले तरी काही कण मोठेच राहतात. काकांनी घासलेल्या भागावर तिरप्या उजेडात बारीक गोल ओरखड्यांचे जाळे दिसते. आणखी एक गोष्ट, जी मी काकांना सर्वांत आधी सांगायला हवी होती: त्या काळच्या हिरव्या आणि पिवळ्या रंगांत क्रोम पिवळा, म्हणजे शिशाचे संयुग, सर्रास वापरत. शिशाचीच दुसरी एक जात आपल्या ओळखीची आहे, शेंदूर. लोखंड गंजू नये म्हणून त्याचाही हात देत असत. घरगुती व सजावटीच्या रंगांत शिशाचे प्रमाण दशलक्ष भागांत ९० भागांवर जाऊ नये, हा नियम भारतात २०१६ साली झाला आणि २०१७ च्या नोव्हेंबरपासून लागू झाला. पन्नास वर्षांपूर्वीच्या पत्र्याला तो काय लागू होणार? तेव्हा जुना रंग कोरडा घासू नये, पॉलिश पेपरने तर मुळीच नाही, आणि ती हिरवी चिंधी लहान मुलांच्या हाती पडू देऊ नये. आमची चिंधी माझा पाच वर्षांचा भाचा झेंडा म्हणून फिरवत होता.

जुन्या रंगांतला आणखी एक प्रकार माहीत असावा. १९२० च्या दशकात अमेरिकेत ‘ड्यूको’ नावाचा नायट्रोसेल्युलोजचा रंग आला आणि कुंचल्याने आठवडेच्या आठवडे चालणारे गाडीचे रंगकाम फवाऱ्याने काही तासांवर आले. मूकपटांची फीत ज्या द्रव्याची, त्याच द्रव्याचा हा रंग. २००३ साली पुण्यात जुन्या चित्रपटांच्या फितींना लागलेली आग ज्यांना आठवते, त्यांना त्या द्रव्याचा स्वभाव सांगायला नको. असा रंग थिनर लागताच विरघळतो. म्हणून कोणतेही पॉलिश, जुने वा नवे, आधी दाराच्या आतल्या बाजूला, न दिसणाऱ्या जागी, पांढऱ्या सुती फडक्याने लावून पाहावे. फडक्यावर रंग आला तर थांबावे. एवढी एकच परीक्षा काकांनी केली असती तर.

आता ते न रुचणारे मत.

आपण, इतिहासावर प्रेम करणारी तरुण मंडळी, चकाकीला जतन समजतो. गडावरची तोफ तारेच्या ब्रशने खरवडून तिला काळा ऑइलपेंट फासतो आणि आधीचे व नंतरचे छायाचित्र शेजारी शेजारी टाकतो. त्या गंजाखाली ओतकामाची खूण, वजनाचे आकडे, एखादे अक्षर होते काय, हे ब्रश फिरवण्याआधी कोणी पाहिले? दौलताबादच्या मेंढा तोफेवरचा फारसी लेख आज वाचता येतो तो ती तोफ पंचधातूची आहे म्हणून, आणि तिच्यावर आपल्यासारख्यांचा हात फिरला नाही म्हणूनही. हेमाडपंती मंदिरांच्या खांबांवर ऑइलपेंटचे थर बसतात, दगडातला ओलावा आत कोंडतो आणि पापुद्रा सुटताना कोरीव काम घेऊन जातो. अजिंठ्याची लाख येथे डब्याडब्याने विकत मिळते.

मी हे वरून बोलत नाही. पदवीच्या पहिल्या वर्षी आमच्याच गावाबाहेरच्या एका वीरगळावरचे शेवाळ मी तारेच्या ब्रशने काढले होते. वीराच्या डोक्यावरच्या चौकटीत जे काही होते, ते आता कोणालाच सांगता येणार नाही. तेव्हा त्या छायाचित्राला भरपूर दाद मिळाली होती.

काकांची बाजूही मांडली पाहिजे, आणि ती कच्ची नाही. ते म्हणतात, गाडी म्हणजे लेणे नव्हे; ती चालायची वस्तू आहे, आणि चालणाऱ्या वस्तूची निगा राखली नाही तर गंज तिला खातो, अक्षरांसकट. आबा दर दसऱ्याला तिला मेण लावत, म्हणजे मेण लावणे हाही तिचा इतिहासच. मला हे पूर्ण मान्य आहे. जुन्या गाड्यांच्या आंतरराष्ट्रीय महासंघाने २०१३ साली स्वीकारलेली ट्युरिन सनदही जुनी वाहने वापरात राहावीत, असेच म्हणते. मात्र जपणे आणि नवे करणे यांत ती भेद करते.

गेल्या काही महिन्यांपासून काकांना गाडीसाठी ‘व्हीए’ क्रमांक हवा आहे. २०२१ च्या केंद्रीय नियमांनुसार पन्नास वर्षांहून जुन्या खासगी वाहनाला व्हिंटेज म्हणून नोंदता येते, नव्या नोंदणीचे शुल्क २०,००० रुपये, आणि अट अशी की वाहन मूळ स्वरूपात असावे. मी विचारले, मूळ म्हणजे कोणते? पाटबंधाऱ्याचे करडे की आबांचे हिरवे? काका बराच वेळ गप्प बसले. मग म्हणाले, “पन्नास वर्षं धरायची तर गाडी सत्त्याहत्तरच्या आधीची पाहिजे की.” दारावरचा शब्द खरा ठरला तरच त्यांची गाडी आज व्हिंटेज ठरते, हे त्यांच्या ध्यानात आले होते. मला हसू आले, त्यांनाही.

सध्याची व्यवस्था अशी आहे. दाराचा घासलेला अर्धा भाग तसाच ठेवला आहे. पाणी आणि सौम्य साबणाने धुऊन, सावलीत वाळवून, त्यावर ताज्या मेणाचा पातळ हात दिला आहे. उरलेला अर्धा घासायचा नाही, असे काकांनी कबूल केले आहे, निदान ती लहान ओळ लागेपर्यंत. तिची तिरप्या उजेडातली छायाचित्रे मी पुढच्या धाग्यात टाकीन. जुन्या सरकारी वाहनांवरची अक्षरे वाचण्याचा कोणाला सराव असेल तर मदत करावी. दोन्ही डबे माझ्या टेबलावर आहेत. कंपाउंडच्या डब्याचे झाकण मी चिकटपट्टीने बंद केले आहे. मेणाचा डबा मधून मधून उघडते. टर्पेंटाइनचा वास पूर्ण गेलेला नाही.

हा धागा काकांना वाचून दाखवल्यावरच येथे टाकत आहे. हलगीचा भाग काढू नको, असे त्यांनी सांगितले.